भुसा माझ्याही नाकात गेला होता

"एथमॉइड सायनसचा अॅडिनोकार्सिनोमा," अकोल्याच्या नाक-कान-घशाच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या आणि कागदावर नाकाचं चित्र काढून दाखवलं. दोन डोळ्यांच्या मधे, नाकाच्या वरच्या भागात हाडाच्या बारीक पोकळ्या असतात. तिथं उजव्या बाजूला मला गाठ होती. कॅन्सरची.

माझे यजमान म्हणाले, "पण मॅडम, हिनं कधी तंबाखूले हात नाही लावला."

"घरात लाकडाचं काम कोण करतं?" मॅडमनी विचारलं.

"मी करतो. मोताळ्याले फर्निचरचं दुकान हाये."

"आणि या?"

"ही घरीच असते."

मी म्हटलं, "मॅडम, घर दुकानाच्या मागंच हाये. एकवीस वर्षं झाले, दिवाण, चौकटी, देव्हारे, सगळ्याले पॉलिश पेपर मीच घासते."

मॅडमनी लिहायचं थांबवलं. "लाकूड कोणतं?"

"सागवान, शिसम. जे येईन ते."

मग त्यांनी समजावून सांगितलं. अशा लाकडाची पिठासारखी धूळ वर्षानुवर्षं नाकात जात राहिली, तर या कॅन्सरचा धोका वाढतो. प्रत्येकाला होतो असं नाही. मला झाला होता.

खरं तर आठ महिन्यांपासून उजवी नाकपुडी बंद होती. सर्दीत दोन्ही बंद होतात, माझी एकच. कधी कधी रुमालाला रक्त लागायचं. गावातल्या डॉक्टरांनी काम विचारलं, तेव्हा मी म्हणाले होते, "काही नाही, घरकाम." त्यांनी सर्दीचे थेंब दिले. चूक त्यांची कशी म्हणू? मीच माझं काम कामात धरत नव्हते.

मॅडमनी नेझल एंडोस्कोपी, म्हणजे नाकात बारीक दुर्बीण घालून तपासणी, आधीच केली होती. बायोप्सीसाठी तुकडाही तेव्हाच काढला होता. आता एमआरआय झाला. गाठ डोळ्यापर्यंत किंवा मेंदूपर्यंत गेलीय का, ते त्यात पाहतात. गेली नव्हती.

त्या रिपोर्टची वाट पाहत बाकावर बसलो होतो, तेव्हा हे हळूच म्हणाले, "मले कधी वाटलंच नाही, तू काम करून राह्यली म्हणून."

"दिसत तर होतं ना?"

"हाव. दिसत होतं."

एवढंच बोलणं झालं. पण मला ते हवं होतं.

ऑपरेशन दुर्बिणीनं नाकातूनच झालं. चेहऱ्यावर एकही टाका नाही. नंतर सहा आठवडे रेडिएशन, म्हणजे किरणांचा उपचार. तोंड कोरडं पडायचं, वरण मातीसारखं लागायचं. उजवा गाल भाजल्यासारखा काळा झाला. नंतर सगळं भरून आलं. फक्त वास येत नाही, तो गेला तो गेला. भाजी करपली की सून सांगते.

आज दोन वर्षं झाली. तपासण्या साफ आहेत.

बरी झाल्यावर मी घासकाम सोडलं नाही, करायची रीत बदलली. यांनी धूळ ओढून घेणारं मशीन बसवलं. घासायचं काम घरापासून लांब, मोकळ्या शेडमधे. भुसा झाडूनं उडवायचा नाही, ओल्या फडक्यानं पुसायचा. नाकाला पदर नाही, घट्ट बसणारा मास्क. विहारात बाया जमल्या की मी सांगते, एकाच बाजूचं नाक दोन-तीन आठवडे बंद असलं, रक्त आलं, तर दाखवा. आणि हातानं काय काय करता ते सगळं सांगा.

मागच्या महिन्यात माझे दीर आले. नांदुऱ्याला आरा मशीनवर लाकूड चिरतात. बोलता बोलता म्हणाले, डावं नाक बंदच राहतं. मी दुसऱ्याच दिवशी त्यांना धरून अकोल्याला नेलं. दुर्बीण घातली, फोटो काढले. नाकातलं हाड वाकडं होतं, बाकी काही नाही.

बाहेर आल्यावर दीर म्हणाले, "वहिनी, अख्खा दिवस फुकट गेला ना."

"हाव भाऊजी," मी म्हटलं, "असाच फुकट गेला पायजे. चला, जेवून घेऊ."