पिसाकडे पाठ

आमच्या मामंजींनी, ओबेर्दान त्यांचं नाव, वयाची चौऱ्याहत्तरी गाठली तरी पिसा गावात पाऊल टाकलं नव्हतं. आता लिवोर्नोपासून पिसा असं लांब तरी किती? गाडीनं अर्धा तास पुरे. जगभरची माणसं विमानं करून तो कललेला बुरूज बघायला येतात, आणि हा माणूस फ्लोरेन्सला जाताना पिसाची पाटी जवळ आली की गाडीत डोळे मिटून बसायचा. मध्येच विचारायचा, गेलं का? गेलं म्हटल्यावर डोळे उघडायचा.

दारात पिसाचा माणूस उभा राहण्यापेक्षा घरात मयत झालेली परवडली, अशी आमच्याकडे म्हणच आहे. भांडण कधीचं आणि कशावरून, ते विचारायची सोय नाही. मी मूळची लुक्काची. लग्न ठरलं तेव्हा मामंजींनी मला एकच प्रश्न विचारला होता, पिसात कुणी नातेवाईक नाहीत ना? माझी एक सख्खी मावशी होती तिथं. पंचवीस वर्षं झाली, मी तिचं नाव या घरात काढलेलं नाही.

चाळीस वर्षं त्यांनी बंदरात क्रेन चालवली. त्यामुळे आवाज असा, की शेजारी बसलेल्यालाही जहाजावरच्या माणसासारखी हाक मारतात. दर ऑगस्टात आठवडाभर आमची सहल असते, रोज सकाळी निघून रात्री घरी. सिएना, आरेत्सो, फ्लोरेन्स, जिथं चर्च आणि चित्रं तिथं आम्ही. चित्रातलं मामंजींना एकच कळतं, ते म्हणजे मासे. संत, देवदूत सगळे बाजूला ठेवून हे आधी ताटात काय वाढलंय ते बघणार. एकदा फ्लोरेन्सच्या एका मठात येशूच्या शेवटच्या जेवणाच्या चित्रापुढे उभे राहून म्हणाले, या माशाचे डोळे बघा, तीन दिवसांचा शिळा आहे, चित्रकारानं देवालाही फसवलं. तिथल्या रखवालदारानं आम्हाला बाहेर काढलं. माझा नवरा दानिलो लाजून अर्धा झाला. आमची गिनेव्रा तेव्हा सात वर्षांची, आजोबांच्या खांद्यावर बसलेली. ती मात्र दारापर्यंत मान वळवून त्या माशाकडे बघत राहिली.

अशी चित्रं बघतच ती मोठी झाली. पुढे कलेचा इतिहास शिकली, गाइडची परीक्षा पास झाली आणि तिला काम मिळालं. कुठं? पिसात.

ईस्टरच्या जेवणाला तिनं ही बातमी सांगितली. मामंजींनी हातातला काटा खाली ठेवला आणि त्या दिवसापासून नातीशी बोलणं बंद. जिला खांद्यावर घेऊन अर्धा देश दाखवला, तिला बघितल्यावर हा माणूस खिडकीबाहेर बघायला लागला. पोरगी वरून हसायची, आतून वाळत चालली होती. ऑगस्टात तिची प्रवाशांची पहिली टोळी ठरली, नेमकी आमच्या सहलीच्या गुरुवारी. ती येऊन म्हणाली, "आजोबा, या ना. तुम्ही नसलात तर मला बोलताच यायचं नाही." मामंजी शिंपले सोलत होते, ते सोलतच राहिले.

माझं डोकंच फिरलं. एरवी मी सासऱ्यांपुढे तोंड उघडत नाही असं नाही, पण त्या दिवशी जरा जास्तच उघडलं. म्हटलं, "मामंजी, पोरगी बोलायला तुमच्याकडून शिकली. ती चार लोकांत पहिल्यांदा बोलणार आणि तुम्ही रुसून घरी बसणार. मग त्या गावाशी तुमचं भांडण आहे की नातीशी?" गुरुवारी सकाळी बघते तर आमच्या आधी गाडीत जाऊन बसलेले. अटी मात्र तीन. तिथलं अन्न खाणार नाही, पाणी पिणार नाही, बुरुजाकडे बघणार नाही. पाण्याची बाटली घरून भरून घेतली होती.

पिसात उतरल्यापासून त्यांनी बुरुजाकडे जी पाठ केली ती केली. हिरवळीवर आडवे आडवे चालत आले, खेकड्यासारखे. आता तिथं येणारा प्रत्येक जण बुरुजाला टेकू दिल्यासारखे हात वर करून फोटो काढतो. मामंजींना बुरूज दिसत नव्हता, नुसती हात वर केलेली माणसंच दिसत होती. पाचपन्नास जण हवा ढकलत उभे. ते दानिलोला म्हणाले, "मी सांगत होतो ना, हे गावच ठार वेडं आहे."

टोळीत बेर्गामोचे बारा पेन्शनर आणि आम्ही तिघं. गिनेव्रा पुढे आली, नमस्कार केला, नाव सांगितलं, आणि पुढे काही नाहीच. ओठ हलत होते, शब्द फुटत नव्हता. पेन्शनर एकमेकांकडे बघायला लागले, एका बाईनं घड्याळ बघितलं. पोरीचा चेहरा पांढराफटक. मी मनात सगळ्या संतांना नवस बोलून टाकले, त्या शिळ्या माशाला सुद्धा.

तेवढ्यात बंदरातला आवाज आला. "ए पोरी, हा कलला कशानं? क्रेनवाल्याला कळेल असं सांग."

गिनेव्रानं दचकून आजोबांकडे बघितलं. चार महिन्यांत ते पहिल्यांदा तिच्याशी बोलले होते. मग तिचा असा काही पट्टा सुटला की विचारू नका. खाली भुसभुशीत माती, पाया उथळ, तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत एका अंगाला खचला, मग जवळपास शंभर वर्षं कामच बंद, आणि त्या शंभर वर्षांत माती दबून घट्ट झाली म्हणून तर आजवर उभा आहे. नंतरच्यांनी वरचे मजले उलट्या बाजूला थोडे वळवून बांधले.

"वळवून?" मामंजी म्हणाले आणि गर्रकन फिरले. चौऱ्याहत्तर वर्षांची पाठ एका क्षणात फिरली. मान वर करून, एक डोळा मिटून, चांगली पाच मिनिटं बुरूज मापत राहिले. बेर्गामोचे पेन्शनर आता त्यांच्याकडेच बघत होते. शेवटी म्हणाले, काम बंद ठेवलं ते अक्कलहुशारीचं केलं. गिनेव्रा हसली, खरं हसली, आणि टोळी घेऊन पुढे निघाली. तासभर तिनं कुणाला हलू दिलं नाही.

मग मामंजी गायब. मी शोधत गेले तर ते गल्लीतल्या भट्टीवाल्या बाईपुढे उभे, हातात पाव, पावात बेसनाचा खरपूस पोळा, वर मिरपूड आणि वांग्याच्या फोडी. हा असा पाव आमच्याकडचाच, त्यामुळे मागितल्याबरोबर बाईनं ओळखलं असणार, म्हातारा लिवोर्नोचा. यांनी तिला ती म्हण ऐकवलीच, मयतवाली. बाई शांतपणे म्हणाली, "देव तुमची इच्छा पुरी करो." मामंजी इतके खूश झाले की अजून एक पाव मागितला. मला बघून म्हणाले, सूनबाई, मीठ कमी आहे. तिकडे कॉफीच्या बारमध्ये दोस्तांना सांगू नकोस.

मी कशाला सांगते? पण गाव ते गाव. दुसऱ्या दिवशी बारमध्ये दोस्तांनी घेरलंच. काय ओबेर्दान, म्हणे पिसा बघून आलास?

मामंजींनी कॉफी संपवली, कप खाली ठेवला. "कसलं पिसा? मी आमच्या पोरीला बघायला गेलो होतो."

त्याच संध्याकाळी मी जेवताना माझ्या पिसातल्या मावशीचं नाव काढलं.