फेस आलाच न्हाय

नागव्वा आन मी सोलापूरजवळ कुंभारीच्या विडी कामगारांच्या घरकुलात शेजारी-शेजारी. दोघी विड्या वळतो. जन्म तंबाखूत गेला, कंटाळा आला म्हणायचीबी सोय न्हाय. पंचविशीतच नागव्वाच्या हिरड्या कुजल्या, दात हलून पडायला लागले, तवा खापर फुटलं तंबाखूवर. नवरा म्हणायचा, चोरून खातीस. डॉक्टरबी तेच, "मावशी, आधी तंबाखू सोडा." अवो, तिनं चिमूटभर कधी तोंडात टाकली न्हाय! आन मी दोन टायमाला मिश्री लावती, तर माझे दात अजून शिळी कडक भाकर मोडतात. हा कुठला न्याव म्हणायचा?

तेव्हापासनं ती पदर तोंडावर धरूनच बोलायची.

औंदा तिचा जबडा सुजला. सोलापूरला दाताच्या दवाखान्यात मीच नेली. तिथल्या पोरगेल्या डॉक्टरीणबाईनं जखम धुवायला पाण्यासारखं औषध वतलं. ते जखमेवर पडलं की फसफसतं, हे मलाबी ठावं. पण फेस आलाच न्हाय. रक्त काळं पडलं. बाई थबकली, मोठ्या डॉक्टरला बोलावलं, रक्त पुण्याला धाडलं.

तपासणीचा रिपोर्ट आल्यावर डॉक्टरांनी पयला सवाल केला, "आईवडील नात्यातले होते का?"

"व्हय की. आई बापाची सख्खी भाची," नागव्वा म्हणाली. अक्कलकोटाकडं मामाला पोरगी देणं काय नवं न्हाय.

डॉक्टरांनी नीट सांगितलं. तोंडात जंतू एक जहर सोडतात. ते मोडून टाकणारं द्रव्य, कॅटालेज, आपल्या रक्तात असतं. त्या औषधातबी तेच जहर, ते मोडतं तवाच फेस येतो; नागव्वाच्या रक्तात कॅटालेजच न्हाय. ते बनवणारा जनुक आईकडनं बिघडलेला आला, बापाकडनंबी तसाच आला. एकाच बाजूनं आला असता तर दात टिकले असते.

"म्हंजे माजं काय चुकलं न्हवतं?" नागव्वानं इचारलं आन हुंदका फुटला. हे ऐकायला नवराबी उरला न्हवता.

मग तिला आठवलं. तिची पोरगी महेश्वरी भावाच्या पोराला द्यायची ठरलेली. डॉक्टर म्हणाले, पोरीत एक बिघडलेला जनुक असणारच. पोराचं रक्त तपासा. त्याच्यात नसला तर खुशाल लग्न करा.

सिद्धाप्पा, तिचा एकुलता भाऊ, पेढे घेऊन आला. ऐकून भडकलाच. "माज्या पोराच्या रक्तात खोट काढतीस? आपण एका आईचं न्हवं का?"

"म्हणूनच म्हणती, अण्णा. नुसतं रक्त तर द्यायचंय."

"सून नेताना असली परीक्षा देणार न्हाय. बोल, व्हय का न्हाय?"

मला वाटलं, ही आता मान डोलावणार. माहेरात दुसरं होतंच कोण? पण नागव्वानं पदर सोडला, बोळकं तोंड भावाच्या म्होरं उघडं केलं. "ह्ये बघ. माज्या नातवंडाला ह्ये द्यायचं न्हाय मला. तपासणी न्हाय, तर सोयरीक न्हाय."

पेढ्याचा पुडा तसाच उचलून सिद्धाप्पा गेला.

दरसाल नागपंचमीला तो तिला माहेरी न्यायला यायचा, ह्या वक्ताला आला न्हाय. सांजपर्यंत नागव्वा उंबऱ्यात सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसली. मीबी माझं सूप घेऊन तिच्या शेजारी बसली.

महेश्वरी जवळ आली. "आई, माज्यामुळं तुजं माहेर तुटलं की."

"गप गं," नागव्वा म्हणाली. "दात हायेत न्हवं तुला? मग हास की जरा."

पोरीला रडू आलं. मग हासली नागव्वाच, पदर न धरता.