पुस्तकात बारा, रस्त्यावर सात

ऑफिसचे किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. पलंगाखाली रद्दी साचते तसे ते साचतात. मित्रांमध्ये कोणी "गाडी अ‍ॅव्हरेजच देत नाही यार" म्हटलं, की माझा गठ्ठा सुटलाच समजा. सगळे किस्से एकाच जीपचे आहेत. आता हसत सांगतो, पण तेव्हा कोणी हसत नव्हतं.

सत्तरच्या दशकात मी नागपूरला एका सरकारी ऑफिसात टायपिस्ट होतो. काम विहिरींच्या सर्वेक्षणाचं, दौरे नरखेड तालुक्याचे. जीप एक आणि ड्रायव्हर एक, नामदेवभाऊ. अठरा वर्षांची नोकरी, एक डाग नाही. मग पुण्याकडून नवे साहेब आले. माणूस एकदम कडक, कोणाच्या घरचा चहासुद्धा घेणार नाही, पण छापील अक्षरावर भलताच विश्वास. जीपच्या खणात त्यांना कंपनीचं पुस्तक सापडलं. त्यात लिहिलं होतं, लिटरला बारा किलोमीटर. आमची जीप द्यायची सात.

"नामदेव, पाच किलोमीटर कुठे जातात?"

"साहेब, पुस्तक त्यायनं तिकडे लिहिलं. गाडी इकडे चालते."

झालं! साहेबांनी मला बोलावलं आणि मेमो सांगितला. पेट्रोलचोरीचा संशय, तीन दिवसांत खुलासा, खुलासा न पटल्यास निलंबन. मी तो टाइप केला. नामदेवभाऊने खुलासा एका ओळीत दिला : "पेट्रोल गाडी पेते, मी नाही." साहेबांनी त्यावर 'विचाराधीन' लिहून कागद ठेवून दिला.

त्याच संध्याकाळी नामदेवभाऊने आपल्या वस्तीतल्या बुद्धविहाराची किल्ली पंचांना परत केली. कित्येक वर्षं ती त्याच्याजवळ असायची. मी विचारलं, काहून केलं असं? तर म्हणाला, "ज्याच्यावर चोरीचा मेमो हाय, त्याच्याजवळ किल्ली कशी ठेवाव गा?"

*

मग आम्ही दोघांनी जीप महाल भागातल्या गणपत मिस्त्रीकडे नेली. मिस्त्रीने धूर पाहिला. काळाकुट्ट.

"चोक ओढून गाडी चालवता का तुमी?"

मिस्त्री आत वाकला आणि तसाच राहिला. डॅशबोर्डवर चोकचा खटका होता, थंड इंजिन सुरू करण्यापुरता ओढायचा, आणि त्या खटक्याला साहेबांच्या डब्याची पिशवी लटकत होती. तीन पुडांचा पितळी डबा! त्याच्या वजनाने चोक रोज ओढला जायचा, आणि इंजिन नरखेडपर्यंत घटाघट पेट्रोल प्यायचं.

"नामदेवभाऊ, तुमाले माहीत होतं?"

"होतं. एकडाव म्हटलं, साहेब इथं पिशवी नका लटकवू. तर म्हणे, मग काय डोक्यावर लटकवू?"

मी धीर करून साहेबांना सांगितलं. त्यांनी पिशवी काढून मांडीवर घेतली. म्हणाले, "ठीक. पण चोरीचा मुद्दा वेगळा."

*

सातचे साडेसात झाले. पंधरा दिवसांनी मिस्त्रीनेच विचारलं, "डांबरी रस्त्यावर पुढची चाकं काहून जोडून ठेवली बाबा?"

जीपला एक जादा दांडा असतो. चिखलात फसली तर तो टाकायचा, म्हणजे चारही चाकांना जोर मिळतो. कोरड्या रस्त्यावर तो काढून ठेवायचा, नाहीतर टायर झिजतात आणि पेट्रोल जातं. आमच्या जीपचा दांडा महिनोन्‌महिने टाकलेलाच होता.

हुकूम साहेबांचा होता. पहिल्या दौऱ्यातच त्यांनी विचारलं होतं, हा दांडा कशाचा? नामदेवभाऊने समजावून सांगितलं. साहेब भडकले, "म्हणजे दोन चाकं राबतात आणि दोन नुसती बरोबर फिरतात? या ऑफिसात फुकट फिरणारे आधीच पुष्कळ आहेत. सगळ्यांना कामाला लावा."

मिस्त्री हे ऐकून खालीच बसला. म्हणाला, "बावीस वर्षं पाना धरून राहिलो, पण चाकायले शिस्त लावणारा साहेब नाही पाहिला."

*

एकदा मीही नरखेडच्या दौऱ्यावर गेलो. संत्र्याच्या बागेत साहेब विहीर मोजत होते. चांगला दीड तास गेला. बांधावर जीप उभी, नामदेवभाऊ बाजूला उभा, आणि इंजिन चालू. साहेब परत आले ते तापूनच.

"रंगेहाथ सापडलास. गाडी बंद का नाही?"

"बंद केली तर सुरू होत नाही, साहेब. बॅटरी मेली. इथं धक्का माराले कोन हाय?"

"मग नवी मागायची ना!"

"मागतली. अर्ज तुमच्या टेबलावर हाय."

नागपूरला येऊन मी टेबल पाहिलं. अर्ज होता. तारीख पावणेदोन महिन्यांपूर्वीची, आणि त्यावर साहेबांचा पेपरवेट. मी अर्ज तसाच पुढे सरकवला. साहेबांनी सही केली, कान लाल झाले होते, तरी म्हणालेच, "पण मुद्दा वेगळा."

*

आता माझा. हा सांगायला आजही जीभ जड होते.

प्रत्येक विहिरीतून निघालेल्या दगडांचे नमुने पोत्यात भरून यायचे. ते उतरवून कोठीत ठेवायचे, आणि कोठीची किल्ली माझ्याजवळ. नामदेवभाऊ दर वेळी विचारायचा, "बाबू, पोते उतरवू का?" आणि मी दर वेळी म्हणायचो, "उद्या." कोण उठणार, कोण मोजणार! एक दिवस मिस्त्रीने मागची ताडपत्री उचलली आणि मला हाक मारली. सोळा पोती. अख्ख्या हंगामाचे दगड. नरखेडचे दगड नागपूर पाहून परत नरखेडले जाऊन राहिले होते!

नामदेवभाऊच्या नावाचा मेमो मीच टाइप केला होता, आणि पेट्रोल खाणारी पोती माझी होती. मी म्हटलं, भाऊ, खुलाशात माझं नाव काहून नाही लिहिलं? तो पोतं खांद्यावर घेत म्हणाला, "तुले अजून लय नोकरी कराची हाय."

मी साहेबांसमोर जाऊन सगळं कबूल केलं. त्यांनी मला झाप झाप झापलं. मेमो मात्र उठला नाही.

*

हे सगळं करून दोन महिन्यांत जीप लिटरला नऊवर आली, पण नामदेवभाऊचा खुलासा अजून 'विचाराधीन'च. साहेबांचं बोट अजूनही बारावर. "राहिलेले तीन कुठे?" शेवटी त्यांनी ठरवलं, आपणच चालवून बघायचं. टाकी काठोकाठ भरली, झाकणाला लाख लावून सील केलं, नामदेवभाऊला ऑफिसातच बसवलं, आणि साक्षीदार म्हणून मला शेजारी घेतलं. नरखेडला जाऊन परत. साहेबांचा डावा पाय वाटभर क्लचवरून हलला नाही, आणि तसं केलं की पेट्रोल जास्त जळतं. मी समोर बघत बसलो.

परत आल्यावर सील सगळ्यांसमोर फोडलं. मिस्त्रीने मापाने टाकी भरली, हिशोब केला, पुन्हा केला. मग हळूच म्हणाला, "साहेब, सहा."

साहेब आत गेले, मला बोलावलं. "मेमो घ्या."

"कोणाच्या नावाने?"

"माझ्या."

मला वाटलं, साहेबांना ऊन लागलं. पण त्यांनी तोच मजकूर शब्दाला शब्द सांगितला, पेट्रोलचोरीच्या संशयासकट. टाइप झाल्यावर स्वतःच सही करून घेतला. तिसऱ्या दिवशी खुलासाही दिला, स्वतःच्या अक्षरात : 'पेट्रोल मी घेतलेले नाही. यापलीकडे माझ्याकडे पुरावा नाही.'

मग त्यांनी नामदेवभाऊला आत बोलावलं. अठरा वर्षांत पहिल्यांदा त्याला साहेबाच्या खोलीत खुर्ची मिळाली. टेबलावर दोन्ही खुलासे शेजारी-शेजारी ठेवले होते. साहेबांनी पेन उघडलं.

"नामदेवराव, यांच्यावर काय लिहू?"

नामदेवभाऊने दोन्ही कागदांकडे पाहिलं.

"जे लिहाचं ते लिहा, साहेब. पण आजच लिहा. दोन महिने लय लंबे असतेत."