अनोळखी इसम

ठाण्यातल्या माझ्या खुर्चीत गावचे बडे जमीनदार नाना बसले होते. मी समोर उभा होतो. अंगावर गणवेश, खांद्यावर दोन तारे.

"काय रं फौजदार, तुझा बा आमच्या दारात चपला हातात घिऊन हुबा ऱ्हायचा. ठावं हाय न्हवं?"

दोन हवालदार हसले. ते माझ्या हाताखालचे होते.

मी शिपाई म्हणून भरती झालो. नोकरी करत बी. ए. झालो, खात्याची परीक्षा देऊन फौजदार झालो. कायद्याची कलमे तोंडपाठ होती. तोंडातून एवढेच निघाले, "व्हय, नाना."

"मग माझ्या थोरल्या पोराचं नाव कागदावर दिसता कामा न्हाय."

बाहेर बाकावर सकाळपासून एक बाई बसली होती. आमच्याच समाजातली. नवरा पाराच्या कट्ट्यावर बसला, म्हणून त्याचा हात मोडला होता.

"नानांच्या थोरल्यानं मारलं. मी डोळ्यांनी बगितलं."

मी लिहिले : 'अनोळखी इसमाने.'

फिर्याद वाचून दाखवावी लागते. तिला अक्षरओळख नव्हती.

"वाचा की, सायेब."

मी वाचले. कागदावर नव्हते ते वाचले. थोरल्याचे नाव स्पष्ट उच्चारले. तिने अंगठा उठवला, शाई पदराला पुसली.

"आपल्यातला फौजदार हाय म्हनून नाव लिवलं. दुसऱ्यानं लिवलं नसतं."

ते वाक्य गेले नाही. जेवताना ऐकू येते. कोणी पदराला हात पुसला, तरी ऐकू येते.

चार दिवसांनी तिच्या दारात गेलो आणि पुरवणी जबाबात नाव घेतले. उशीर झाला होता. खटला उभा राहिला तोवर मी निवृत्त झालो होतो. गेल्या तारखेला वकिलाने तिला विचारले, पहिल्या फिर्यादीत नाव का नाही? साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून ती एकच सांगत राहिली, "लिवलं हुतं. सायबांनी वाचून दावलं." कोर्टात लोक हसले. माझी साक्ष व्हायची होती म्हणून मी दाराबाहेरच्या बाकावर होतो, सगळे ऐकू येत होते.

उद्या माझी साक्ष आहे.

काल राजारामपुरीतल्या माझ्या घरी नानांचा माणूस आला. "वय झालंय की तुमचं. आठवत न्हाय म्हना, सुटला." बोलता बोलता तो खुर्चीकडे सरकला.

मी म्हणालो, "उभ्यानेच बोला."

तो गेला.

उद्या सांगणार आहे. नाव तिने पहिल्याच दिवशी सांगितले होते. बाई खोटी नाही. खरे वाचून दाखवणारा मी, खोटे लिहिणाराही मीच. चौकशी लागेल. लागू दे.

साक्ष संपली की कोर्टातले कारकून लिहिलेले मला वाचून दाखवतील. मी ऐकणार नाही. कागद हातात मागून घेईन, अक्षर न् अक्षर डोळ्यांनी तपासीन. मगच सही करीन.