राखणदाराची विडी

पावसाळ्यात हरमलच्या भाड्याच्या खोल्या ओस पडतात. पर्यटक गेलेले, किनाऱ्यावरचे शॅक मोडून ठेवलेले. अशाच एका रिकाम्या खोलीत आमचे रविवार जायचे, आणि अजूनही रविवारी चहाबरोबर पोई, आमचा कोंड्याचा पाव, मोडली की मला तीच खोली आठवते. खोली मित्राच्या घरची. तो, शाळेत शिकवणारी त्याची शेजारीण, कारापूरहून मोटारसायकल हाणत येणारा आमचा कॉलेजातला सोबती आणि मी. तिथे उतरलेल्या एका गोऱ्या पाहुण्याने आम्हाला खेळ शिकवला आणि जाताना वीस बाजूंचा फासा देऊन गेला. एकाने गोष्ट चालवायची, बाकीच्यांनी तिच्यातली माणसं व्हायचं, अडलं तिथे फासा टाकायचा. मी सर्वांत बडबड्या, म्हणून गोष्ट माझ्या गळ्यात पडली.

मी हळर्णचा. तिथल्यासारख्याच पडक्या कोटाजवळचा एक गाव रचला आणि एकच कडक नियम घातला: राखणदाराने सोडल्याशिवाय कुणालाही गावाची शीव ओलांडता येणार नाही. गोष्टीलाही कुंपण लागतं. मोकळी सोडली की ती दुसऱ्याच्या शेतात जाऊन चरते. राखणदार म्हणजे शीव सांभाळणारा देव, दिसत नाही, पण आमच्याकडे त्याला विडी ठेवतात, गाऱ्हाणं घालून मागणं मागतात. माझ्या गोष्टीत तो कोणत्या रूपात फिरतोय ते बाकीच्यांनी शोधायचं होतं. पहिल्याच दिवशी शिवेवर एक म्हातारा भेटवला. त्याने विडी मागितली, कुणी दिली नाही, सगळे पुढे गेले. तोच राखणदार! मी मनातल्या मनात फुगलो.

गुपित वेळेवर उघडलं तर रंगतं, नाहीतर पिठासारखं आंबतं, हे मला कळत होतं. पण ते उघडलं की खेळ संपणार, आणि खेळ संपला की पुन्हा कोण कशाला जमतोय? ज्याला त्याला आपापले व्याप. मला ते रविवार सोडवत नव्हते. मग मी विहिरीत भूत घातलं, कोटात वाघ आणला. शेजारीण वैतागायची, "किती फिरवतंस रे आमका?"

गणपतीची चवथ जवळ आली होती. त्या रविवारी खोलीवाल्या मित्राची पाळी आली, पण त्याने फासा टाकलाच नाही. खिशातून विडी काढून टेबलावर माझ्यापुढे ठेवली. जन्मात न ओढलेला माणूस! मग उभा राहिला, हात जोडले आणि देवळातल्यासारखा सूर लावला.

"बा राखणदारा महाराजा!"

"व्हय महाराजा!" बाकीचे दोघे हसत ओरडले. गाऱ्हाणं कानावर पडलं की हा होकार द्यायला आमच्याकडे तोंड आपोआप उघडतं.

"पयल्याच दिसा तुका वळाखलंय. शिवेर विडी मागणारो दुसरो कोण आसतलो? पण सांगला आसता तर खेळ सोपलो आसतो, म्हणान गप रवलंय!"

"व्हय महाराजा!"

"तशीच आनीक एक गजाल सांगूक ना. माका बोटीर काम मेळला. चवथ जाली की वचूचा आसा. माका शीव ओलांडूक दी."

बोटीवर गेलेला माणूस महिनोन्महिने परतत नाही. 'व्हय' म्हणायला उघडलेलं शेजारणीचं तोंड तसंच राहिलं. मग तिघेही माझ्याकडे बघू लागले, कारण त्या म्हाताऱ्याचं सोंग माझं, म्हणजे राखणदार मीच होतो आणि नियमही माझाच होता. त्याला अडवायचा हक्क त्या टेबलापुरता तरी मला होता, आणि खरं सांगतो, अडवावंसं फार वाटलं. म्हाताऱ्याच्या तोंडी घालायला महिनाभर घोकलेली भाषणं होती, ती तशीच सोडून दिली.

मी विडी उचलली.

"जा," म्हटलं. "पण परत येताना ह्याच वाटेन ये."

"व्हय महाराजा," तो एकटाच म्हणाला.