आधी तिकीट, मग फेटा

गावातल्या पोरीच्या अभिनंदनाचं बॅनर चौकात पाहिलं, की तिच्याजवळ जायचं तिकीट आहे का, हे तुम्ही कधी विचारलंय?

दारव्ह्याजवळच्या तांड्यावर संगीताला कोणी विचारलं नाही. रानातली तूर शेतात कशी आली, हे ती पीएचडीसाठी शोधत होती. बांधाबांधानं रानतुरीचे वेल पाहत हिंडायची. बाया हसायच्या, "एवढं शिकून गवतच पाह्यतं का वं?" बेंगळुरूला वनस्पतींच्या उत्क्रांतीवर परिषद होती. तिथं तिचं काम निवडलं गेलं, तरुण संशोधकांसाठीची मदतही मंजूर झाली. अट एवढीच, खर्च आधी स्वतः करायचा, पैसे मिळणार जाऊन आल्यावर. स्वतः करायचा म्हणे! तिची शिष्यवृत्ती कित्येक महिने अडकलेली.

तांड्याचे प्रमुख, नायक पूनमसिंग, यांनी 'मदत मंजूर' एवढंच ऐकलं आणि बॅनर, डीजे, बुंदी, सगळं ठरवून टाकलं. आता उसने मागायचे कोणाला? जो भेटे तो म्हणे, "मजा हाय बुवा, फुकटात बेंगळुरू!"

"गप राह्य," तिची आई बिजलीबाई म्हणाली. "नायकाची इज्जत जाईन."

सत्काराला फेटा बांधला, हातात माईक आला आणि संगीताचं डोकं फिरलं.

"नायककाका, बॅनर झकास झालं. पण माह्याजवळ तिकीट नाही."

"काहून? पैसे देल्ले ना त्याईनं?"

"जाऊन आल्यावर देतीन."

"मंग जाशीन कशी?"

"बॅनरवर बसून!" मागून कोणीतरी ओरडलं. मांडव हसला.

पूनमसिंग लाल झाले. "पहिले काहून नाही सांगतलं?"

"तुमी इचारलं का?"

नायक डीजेवाल्याकडे वळले. "घनश्याम, गाडी फिरव. ॲडव्हान्स वापस दे."

"नायक, डिझेल जयलं न माहं!"

"डिझेलचे ठेव. बाकीचे काढ."

कमी पडले ते मांडवातल्या लोकांनी घातले. तिथंच, फेटा डोक्यावर असताना, तिनं मोबाइलवर बडनेऱ्याहून रेल्वेचं तिकीट काढलं. संगीता जाऊन आली. परिषदेचे पैसे आले दिवाळी उलटल्यावर. तिनं ते नायकाला नेऊन दिले, आणि त्यांनी राहिलेला डीजे वाजवूनच घेतला.

ती भर मांडवात बोलली म्हणून गेली. ज्या बोलत नाहीत त्या बॅनरवर हसतात आणि घरी राहतात. म्हणून मदत देणाऱ्या समितीवर तुम्ही असाल तर तिकीट आधी काढून द्या. आणि बॅनर लावणारे असाल, तर लावायच्या आधी पोरीच्या घरी जा, आणि विचारा: बाई, तिकीट झालं का?