शेपटीमामाची सोयरीक

माझा मामा दातांचा डॉक्टर आहे, पण घरात त्याला सगळे शेपटीमामा म्हणतात. लढाऊ विमान दिसलं, मग ते आकाशात असो, टीव्हीवर असो की खेळण्यांच्या दुकानात, तो आधी शेपूट बघतो. मग पाठ, मग नाक. आणि मग जाहीर करतो की तुम्हाला वाटतंय ते विमान हे नव्हेच, हा त्याचा धाकटा भाऊ. कोणी विचारलेलं नसतं.

त्याला विमानांची छोटी मॉडेलं करायचा नाद आहे. प्लास्टिकचे सुटे भाग आणायचे, दवाखान्यातल्याच हत्यारांनी घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे. एकाच विमानाचे म्हणे अनेक प्रकार असतात, आणि एकाचं शेपूट दुसऱ्याला लागलेलं दिसलं की मामाला घास गिळवत नाही. एकदा तो चालू सिनेमात उठून उभा राहिला. "उडालं तेव्हा एका खुर्चीचं होतं, उतरलं ते दोन खुर्च्यांचं! दुसरा वैमानिक काय ढगातून चढला?" लोकांनी आम्हाला सहकुटुंब बाहेर काढलं. नायक जगला की मेला, मला अजून माहीत नाही.

दवाखान्यात मात्र त्याचं छान चालायचं. आ वासून पडलेला पेशंट वाद कसा घालणार?

अशा माणसाचं लग्न व्हायचं कसं? पंचेचाळिशी उलटली तशी आईने हात टेकले. आणि अचानक मामा रोज पाव आणायला लागला. त्याला पाव आवडत नाही. आम्ही सकाळ-संध्याकाळ पाव खात होतो आणि कारण कोणाच्या डोक्यात येत नव्हतं. शेवटी बेकरीवाल्या बाईंनीच आईला काउंटरवर गाठलं. "तुमचे भाऊ मला आवडतात. पण आधी माझ्या बाबांना भेटायला येऊ देत. त्यांचं मन मोडून मी काही करणार नाही."

निघताना आईने मामाला दम दिला. "मूग गिळून बसायचं. शेपूट नाही, नाक नाही. ते छान म्हणाले की तूही छान म्हण."

"हो ताई," मामा म्हणाला. नवा शर्ट घातला होता बिचाऱ्याने.

आमचं नशीब बघा. त्यांच्या बैठकीच्या खोलीत काचेचं कपाट, आणि कपाटात एकच वस्तू: मिग एकवीस विमानाचं मॉडेल. बाईंच्या वडिलांनी, म्हणजे बाबांनी, थरथरत्या हातांनी स्वतः जोडलेलं. घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद केल्यावर तेवढंच एक काम त्यांनी जिवापाड केलं होतं. पाहुण्यांना पाणी मिळायच्या आधी विमान दाखवलं जायचं.

"कसं आहे?" बाबांनी विचारलं.

आईने मामाच्या पायावर पाय ठेवला. "छान," मामा म्हणाला. दाढ दुखणारा माणूस म्हणेल तसं.

चहा आला. मामा कपात बघत राहिला, छताकडे बघत राहिला, माझ्याकडे केविलवाणं बघू लागला. आणि मग सुटलाच. "पाठ जाड आहे, शेपूट रुंद आहे, म्हणजे हे नंतरचं मिग. नंतरच्याची ती लांब नळी नाकाच्या वर असते हो! खाली असते ती पहिल्यांची. तुम्ही नातवाला आजोबांचं नाक लावलंय!"

बाबा उठून उभे राहिले. "चहा संपवा आणि निघा."

बाई चहाचा ट्रे उचलून आत निघून गेल्या.

रस्ताभर आई मामाला बोलत होती. "जित्याची खोड, दुसरं काय!" मामा एवढंच म्हणाला, "मी खूप प्रयत्न केला गं. पण नळी खाली होती." मला त्याचा असा संताप आला होता की दोन रट्टे द्यावेत. पण बेकरीसमोरून तो मान खाली घालून गेला, तेव्हा माझा राग उतरला.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखी दवाखान्यात पेशंटना नंबर देत बसले होते, तर केकचा खोका छातीशी धरून बाबा हजर. मागे बाई, एप्रनला पीठ लागलेलं. बाबांनी रीतसर नंबर घेतला, एका सुजलेल्या गालाच्या गृहस्थांमागे बसले, आणि पाळी आल्यावर खोक्यातलं विमान काढून पेशंटच्या खुर्चीत ठेवलं.

"काढा ती नळी," ते म्हणाले. "मेले सगळे छान छान म्हणायचे. मला कुठेतरी खटकायचं, पण सांगेल कोण?"

मामाने दिवा ओढला, हत्यार उचललं आणि सवयीने विमानाला म्हणाला, "दुखलं तर हात वर करा."

बाबा इतके हसले की त्यांना खुर्चीला धरावं लागलं. सुजलेल्या गालाच्या गृहस्थांनी, त्यांचं काम झालं होतं तरी थांबून, बॅटरी धरली. बाहेरचे पेशंट माझ्या नावाने शंख करत होते. शेवटी नळी खालून निघाली आणि वर बसली.

"बाबा, विमान झालं," बाई म्हणाल्या. "आता माझं काय?"

"तुझं तू बघ. मला हे वाळेपर्यंत हलता येत नाही."

बाई मामासमोर येऊन उभ्या राहिल्या. "डॉक्टर, मी कशी दिसते? खरं सांगा."

मी त्यांच्या मागून हातवारे करत होते: छान म्हण, मेल्या, छान म्हण! मामाने त्यांच्याकडे नीट, सावकाश बघितलं.

"डावीकडचा सुळा थोडा पुढे आलाय."

मी कपाळाला हात लावला.

"मग? सरळ करायचा?"

"नको," मामा म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "तो तसाच राहू दे. मला तसाच आवडतो."

बाई एवढ्या हसल्या की दवाखान्यातल्या सगळ्यांना तो सुळा दिसला.